रंग बदललेला टँकर

मागच्या महिन्यात एका मंगळवारी आमच्या सोलर प्लांटवर गेले होते... लखनौहून कानपूर रोडने, सरोजिनी नगरच्याही बरंच पुढे. खरं तर जायची गरज नव्हती. पण कंपनीच्या वार्षिक रिपोर्टसाठी दोन बरे फोटो हवे होते आणि मी भलतीच खुशीत होते, म्हणून निघाले.

खुशीचं कारण सांगते. उन्हापासून वीज करणाऱ्या कंपनीचाही स्वतःचा धूर असतो, हे पुष्कळांच्या गावी नसतं... गाड्या, जनरेटर, पॅनेल धुवायला पाणी आणणारे टँकर. हा सगळा कार्बन मोजायचा आणि तो किती कमी झाला ते रिपोर्टमध्ये लिहायचं, हे माझं काम.

कंपनीने जाहीर केलेलं टार्गेट यंदा पूर्ण झालं होतं. डिझेलचा आकडा तर असा उतरला होता की गोमती नगरच्या ऑफिसात मी आठवडाभर कॉलर ताठ करून फिरत होते. प्रमोशनही याच रिपोर्टवर ठरणार होतं.

मोजमापाच्या बाबतीत मी जरा शिष्टच आहे, कबूल. माझी लेक मराठी समजते पण उत्तर हिंदीत देते... ती म्हणते, "आई, तुम तो चाय की चीनी का भी ऑडिट कर दोगी." मला ते कौतुकच वाटतं.

तर प्लांटवर पोचले. ऊन मी म्हणत होतं, पॅनेलवर धुळीचा थर आणि धुणं चालू. फोटोसाठी फोन वर धरला तर मध्येच एक निळा टँकर आला... मागच्या बाजूला डावीकडे मोठा पोचा.

तो पोचा मी कुठेही ओळखेन. तो पडला तेव्हा मी टँकरमध्येच बसले होते, आणि रामनरेशजींनी बंद गेटवर रिव्हर्स घेतला होता. फक्त तेव्हा टँकर पांढरा होता आणि आमच्या कंपनीचा होता.

खाली उतरले तेही रामनरेशजीच, आमचे जुने ड्रायव्हर. मी विचारलं, हे काय? ते हसून म्हणाले, "कुछ नहीं बदला मैडम. वही गाड़ी, वही चक्कर. धुलाई ठेके पर चली गई, तो हम भी ठेकेदार के यहाँ चले गए. डीज़ल अब वही भरवाता है."

फोटो राहिले बाजूला, मी फोन पर्समध्ये टाकला.

झालं होतं ते असं... गेल्या वर्षी आमच्या प्लांटवरून टँकरच्या डिझेलच्या स्लिपा यायच्या थांबल्या. पाण्याशिवाय पॅनेल पुसणारे ब्रश बसवायची चर्चा ऑफिसात तेव्हा जोरात होती. मी एसीत बसून समजले की ब्रश बसले. एक फोन करून विचारलंसुद्धा नाही. वर रिपोर्टमध्ये लिहून मोकळी झाले की सफाईतल्या सुधारणांमुळे डिझेल वाचलं. चहाच्या साखरेचं ऑडिट करणारी मी... फार लाज वाटली.

परत येऊन श्रीवास्तव सरांना, म्हणजे माझ्या बॉसना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वो सुधार वाली लाइन हटा दीजिए, बस. ठेकेदार का धुआँ उसके खाते में. नियम से आप ग़लत नहीं हैं." माणूस सज्जन आहे, त्यांना माझं प्रमोशन दिसत होतं. मलाही दिसत होतं, खोटं कशाला बोलू...

पण धूर तर त्याच टँकरमधून, त्याच रस्त्यावर निघत होता. आम्ही फक्त त्याच्याकडे पाठ फिरवली होती. बुधवार-गुरुवार ठेकेदाराच्या मागे लागून सगळ्या डिझेल स्लिपा मागवल्या, आकडा नव्याने काढला. टार्गेट हुकलं. थोडंथोडकं नाही, चांगलंच हुकलं.

शुक्रवारी बोर्ड मीटिंगमध्ये मीच उभी राहिले आणि सांगितलं... चूक माझी आहे, नवा आकडा हा आहे, आणि ठेकेदाराचं डिझेल आता दरवर्षी मोजलं जाईल. आवाज स्वच्छ निघाला, याचं माझं मलाच नवल वाटलं.

एमडींनी रिपोर्टचं बदललेलं पान दोनदा वाचलं. "सोलर कंपनी अपना ही टारगेट चूक गई, ऐसा छापेंगे तो लोग हँसेंगे नहीं?"

मी म्हटलं, "हँसेंगे सर. पर अगले साल जब हम लिखेंगे कि टारगेट पूरा हुआ, तो मान भी लेंगे."

मग त्यांनी पेन मागितलं आणि पानावर सही केली. बाहेर पडताना श्रीवास्तव सर माझ्यासाठी दार धरून उभे राहिले.

सोमवारी त्यांनी हळू आवाजात सांगितलं की प्रमोशन या खेपेला नाही. वाईट वाटलं. घरी येऊन थोडं रडलेही.

पण एक सांगते... गेली काही वर्षं या रिपोर्टवर माझं नाव असतं आणि मला त्याचा अभिमान असायचा. यंदा त्या पानावर "लक्ष्य गाठता आलं नाही" असं छापलंय, खाली माझं नाव आहे, आणि पहिल्यांदाच त्यातली एक एक ओळ मी स्वतः तपासलेली आहे.