बिंगो नावाचं गिऱ्हाईक

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी माझ्या सरांनी मला दोन ट्रक कंपन्या दिल्या. दिल्या म्हणजे अभ्यासाला. अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावाच्या बाहेर, जिथे सिटी बस शेवटचा वळसा घेऊन परत फिरते त्याच्याही पुढे, एका रस्त्याच्या दोन बाजूंना त्या समोरासमोर उभ्या होत्या. दोन्ही छोट्या, घरच्या. दोघींचे ट्रक मोटारींचे सुटे भाग घेऊन ओहायो नाहीतर इंडियानाकडे जायचे आणि मालकांच्या रडगाण्याप्रमाणे निम्म्या वेळा रिकामे परत यायचे. माझा विषय नेमका हाच होता. माल वाहणाऱ्या कंपन्यांनी एकमेकींचा माल वाटून घेतला, तर किती रिकाम्या फेऱ्या वाचतील? याचा ट्रक तिकडे गेलाच आहे तर येताना त्याचा माल आणायचा, आणि उलटं.

नागपूरला फोन करून आईला हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, "एवढं सांगायला पाच वर्षं लागतात?" ती शेजारीपाजारी 'पोरगी ट्रान्सपोर्टमध्ये आहे' एवढंच सांगायची. त्यामुळे सुट्टीत घरी गेले तेव्हा कोपऱ्यावरच्या काकांनी मला रायपूरला सोफासेट पाठवायचा होता म्हणून गाठलं होतं.

अडचण अशी होती की दोन्ही मालक एकमेकांशी बोलत नव्हते.

एक होता थोराड म्हातारा अमेरिकन. बारा महिने गॅलिस लावलेली पँट, आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. कंपनी त्याच्या वडिलांपासूनची. दुसरे सरदारजी. त्यांनी पूर्वी याच म्हाताऱ्याकडे काही वर्षं ट्रक चालवला होता, मग स्वतःचे घेतले आणि बरोब्बर समोरची जागा धरली. पण भांडण त्यावरून नव्हतं. भांडण बर्फावरून होतं. अकरा वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात सरदारजींनी आवारातला बर्फ यंत्रानं रस्त्यापलीकडे ढकलला, तो म्हाताऱ्याच्या फाटकाशी साचला. दुसऱ्या दिवशी तो परत आला, थोडी भर घालून. तेव्हापासून दर हिवाळ्यात तोच बर्फ रस्ता ओलांडत होता आणि दोन माणसं ओलांडत नव्हती.

मग प्रयोगाला तयार कसे झाले? तर समोरचा तयार झालाय, असं सरांनी दोघांनाही वेगवेगळं सांगितलं. त्याला काहीतरी फुकट मिळणार आणि आपल्याला नाही, हे दोघांनाही सहन झालं नाही.

"माझी माहिती त्याला दिसता कामा नये," म्हातारा म्हणाला.

"सर, दोघांची माहिती एकत्र केल्याशिवाय..."

"कंप्युटरला दाखव. त्याला नको."

रस्त्यापलीकडे सरदारजींनी हेच, फक्त हिंदीत आणि 'बेटा' लावून सांगितलं.

दर मंगळवारी मी रूममेटची जुनी गाडी मागून घेऊन तिथे जायची. आधी म्हाताऱ्याकडे. तिथे डोनट खावा लागे. मग लॅपटॉप जॅकेटच्या आत धरून, घसरत घसरत रस्ता पार करायचा. सरदारजी खिडकीत उभेच असत.

"बेटा, तिकडे पंचावन्न मिनिटं बसलीस. इथेही पंचावन्न बसायचं."

त्या पंचावन्न मिनिटांत दोन गोभी पराठे. मंगळवारी मला जेवण लागत नसे.

कुठला ट्रक कुठे जाणार हे दोन्हीकडे प्रत्यक्ष ठरवणारी माणसं मात्र वेगळी होती. त्यांना डिस्पॅचर म्हणतात. म्हाताऱ्याकडे हे काम त्याची थोरली बहीण बघायची. साखळीला अडकवलेला चष्मा, समोर विणकामाची टोपली, आणि भावापेक्षाही खाली गेलेला आवाज. सरदारजींकडे त्यांची बायको. सलवार-कमीजवर जाड जॅकेट आणि ओढणीवरून चढवलेला हेडसेट. मी त्यांना आंटी म्हणायची. खरं सांगायचं तर पहिले तीन महिने मी या दोघींकडे नीट पाहिलंच नाही. त्यांच्याकडून फाइल्स घ्यायच्या, थँक यू म्हणायचं आणि मालकांच्या केबिनमध्ये जाऊन बसायचं.

सगळी माहिती हाती आल्यावर मी कंप्युटरवर माझं गणिती मॉडेल चालवलं. उत्तर आलं: फायदा जवळजवळ शून्य.

"बग आहे," सर म्हणाले. मलाही तेच वाटलं. मी अर्धा प्रोग्रॅम परत लिहिला. शून्य. उरलेला अर्धा लिहिला. शून्य. शेवटी एका शनिवारी मी सगळ्या फेऱ्या कागदावर छापल्या, अपार्टमेंटच्या जमिनीवर पसरल्या आणि पेन्सिल घेऊन गुडघ्यांवर रांगत एकेक ओळ वाचली. रूममेट दोनदा ओलांडून गेली आणि तिनं काही विचारलं नाही. ती केमिस्ट्रीची होती, तिनं याहून वाईट पाहिलं होतं.

दुपारपर्यंत एक गोष्ट लक्षात आली. मालक म्हणत होते तसे ट्रक रिकामे परत येतच नव्हते. ते बिंगोचा माल घेऊन येत होते. दोन्ही कंपन्यांच्या यादीत बिंगो नावाचं एक गिऱ्हाईक होतं. त्याला पत्ता नव्हता, फोन नव्हता. पण ट्रक रिकामा होण्याच्या बेतात आला की नेमका तिथेच बिंगोचा माल तयार असायचा. आणि म्हाताऱ्याच्या ट्रकमधून बिंगोची जी खोकी यायची, तेवढीच, त्याच वजनाची खोकी त्याच दिवशी सरदारजींच्या यादीत त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या नावावर दिसायची. ट्रकचा रकाना मात्र कोरा.

मंगळवारी मी म्हाताऱ्याच्या बहिणीला विचारलं, "हा बिंगो कोण?"

तिनं चष्मा काढला. उठली, भावाच्या केबिनचं दार ओढून घेतलं आणि परत येऊन बसली.

"गुरुवारी संध्याकाळी सहाला मोकळी आहेस?"

तिनं मला नेलं त्या चर्चच्या तळघरात मोठा हॉल होता. लांब टेबलं, आणि व्यासपीठावर एक गृहस्थ डब्यातून चेंडू काढून आकडे पुकारत होते. आपला तंबोलाच, फक्त अतिशय गंभीरपणे खेळलेला. खेळाचं नाव बिंगो. तिसऱ्या टेबलाशी, चार कार्डं मांडून, हातात रंगीत शाईचा ठोकळा घेऊन आंटी बसल्या होत्या.

"ये बेटा. बस. बोलू नकोस, आकडा चुकतो."

दोघी नऊ वर्षं हे करत होत्या. एका हिवाळ्यात सरदारजींचा ड्रायव्हर इंडियानात रिकामा अडकला आणि म्हाताऱ्याचा माल तिथेच ट्रकची वाट पाहत पडला होता, तेव्हा आंटींनी समोर फोन लावला.

"यांनी सांगितलं होतं, त्या माणसाचं तोंड पाहायचं नाही," आंटी म्हणाल्या. "मी कुठे पाहिलं? मी त्याच्या बहिणीला फोन केला."

तेव्हापासून मालाच्या बदल्यात माल, आणि यादीत समोरच्याच्या मालापुढे नाव बिंगो. दर गुरुवारी पुढच्या आठवड्याचं ठरायचं, दोन आकड्यांच्या मधल्या वेळात, वापरलेल्या कार्डांच्या मागे. मी वही काढली आणि लिहीत सुटले. अमक्या ड्रायव्हरला शुक्रवारी लांब पाठवायचं नाही, त्याच्या मुलीची सॉफ्टबॉलची मॅच असते. अमक्या गोदामाचा पहारेकरी जेवणाआधी तिरसट असतो, तिथे ट्रक एकनंतरच पोचला पाहिजे. एक ड्रायव्हर इकडचा आणि एक तिकडचा, यांना एका ठिकाणी एका वेळी पाठवायचं नाही, कारण पहिल्याची घटस्फोटित बायको आता दुसऱ्याच्या घरी आहे. माझ्या मॉडेलमध्ये दोन लाखांवर समीकरणं होती आणि त्यातल्या एकातही कुणाची बायको नव्हती.

मध्येच, माझ्यापुढे सरकवलेल्या कार्डाकडे बघत, आंटींनी मला कोपरानं ढोसलं. "बेटा, तुझी रांग भरली! ओरड!"

मी ओरडले आणि मला बक्षीस म्हणून एक अख्खा हॅम मिळाला. सात-आठ किलोचा, जाळीत बांधलेला. मी शाकाहारी, आंटी शाकाहारी. शेवटी तो बहीण घरी घेऊन गेली. रविवारी भावानं जेवताना विचारलं, कुठून आला. ती म्हणाली, "बिंगोमुळे." भाऊ खूश झाला.

दोन आठवड्यांनी विद्यापीठात दोन्ही मालकांसोबत बैठक होती. मी दोघींना सांगितलं, मी खोटं बोलू शकत नाही, हा माझा प्रबंध आहे.

"खोटं कशाला?" बहीण विणता विणता म्हणाली. "फक्त कुणी विचारल्याशिवाय सांगू नकोस."

बैठकीत दोन मालक लांब टेबलाच्या दोन टोकांना बसले आणि आमच्या सरांमार्फत बोलू लागले. दोघी मागे कॉफीच्या टेबलापाशी. मी पहिली स्लाइड लावली. म्हटलं, तुमची रिकामी धाव आधीच खूप कमी आहे, कारण दोघांचं एक समान गिऱ्हाईक आहे.

"समान? कोण?" म्हातारा गरजला.

"बिंगो."

"बिंगो माझं गिऱ्हाईक आहे!"

"तुझं?" सरदारजी उठलेच. अकरा वर्षांत थेट म्हणून बोललेला हा पहिला शब्द. "बिंगो माझा आहे! नऊ वर्षांपासून!"

"माझ्याकडे त्यानं अख्खा हॅम पाठवलाय!"

सरदारजींना काही आलं नव्हतं. ते म्हणाले, "तू त्याला फोडलास. आधी बर्फ, आता बिंगो!"

सर माझ्याकडे बघत होते. मी स्लाइडकडे बघत होते. म्हाताऱ्यानं आता मूठ आपटून सांगितलं की बिंगो आणि त्याचा जुना स्नेह आहे. "भेटलायस का कधी?" सरदारजींनी विचारलं. "तू भेटलायस?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"बस करा आता," आंटी मागून म्हणाल्या. "बिंगो म्हणजे मी."

"आणि मी," बहीण म्हणाली आणि तिनं एक टाका घातला.

मग सगळं सांगून झालं. सरदारजी हळूच बायकोला म्हणाले, "गुरुवारी तू इंग्लिश क्लासला जातेस ना?"

"बिंगोला जाते."

"नऊ वर्षं?" ते खाली बसले. "मला वाटायचं, तुला जरा हळू येतंय."

म्हातारा मात्र वेगळ्याच विचारात होता. "मग तो हॅम कुणाचा?"

सगळे माझ्याकडे वळले. "माझा," मी म्हटलं. माझ्या संशोधक आयुष्यात एवढी शरम मला पुन्हा कधी वाटली नाही.

त्या दिवशी कुणी कुणाला मिठी मारली नाही. पण नऊ वर्षं आपलाच फायदा झाला, हे नाकारायला दोघांकडेही काही नव्हतं. सरांनी रीतसर करार करून दिला. मालकांनी अट घातली की प्रत्येक अदलाबदलीवर त्यांची दोघांचीही सही हवी. पहिल्याच महिन्यात ट्रक खरोखरच रिकामे यायला लागले. म्हातारा फॉर्म चष्म्याशिवाय वाचायचा, सरदारजी दोनदा वाचायचे, तोवर माल तिसराच कुणीतरी घेऊन जायचा. वसंत येईपर्यंत करारात एक ओळ वाढली: सर्व निर्णय दोन्हीकडच्या डिस्पॅचर घेतील. मालक त्यानंतर बोलू लागले, पण मुख्यतः या दोघींची तक्रार करण्यापुरते. त्या विषयावर त्यांचं फार जमायचं.

माझं मॉडेल मी दोघींच्या स्क्रीनवर बसवून दिलं. आंटी त्याला रागवायच्या. "हे बघ, परत त्या दोघांना एकाच गोदामात पाठवतंय. याला लाज नाही." मग मी ती अट घालायची. अशा अटी घालता घालता कंप्युटरला एखादी अशी फेरी सापडू लागली, जी दोघींच्याही नजरेतून सुटली होती. फार नव्हत्या, पण खऱ्या होत्या. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा बहिणीनं स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हं. ठीक आहे." सरांच्या कौतुकापेक्षा मला ते जास्त लागलं, चांगल्या अर्थानं.

प्रबंधाच्या शेवटच्या तोंडी परीक्षेला दोघी आल्या, पहिल्या रांगेत बसल्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "दोन कंपन्यांना हे जमलं. वीस कंपन्यांना जमेल?"

मी गणिताची गुंतागुंत कशी वाढते ते सांगायला लागले. मधल्या एका वाक्याशी अडखळले, तर आंटींनी हात वर केला आणि परवानगीची वाट न पाहता त्या बोलल्या, "जमेल. पण प्रत्येक ठिकाणी फोन उचलणारी बाई पाहिजे. आणि ती नवऱ्याला घाबरणारी नको."

परीक्षकांनी ते लिहून घेतलं. मी पास झाले, पण दुरुस्त्यांच्या यादीत चौथा मुद्दा होता: श्रोत्यांमधून आलेल्या निरीक्षणाचा शास्त्रीय भाषेत समावेश करावा. बाकीच्या सगळ्या दुरुस्त्या मी दोन दिवसांत उरकल्या. त्या एका परिच्छेदाला तीन आठवडे लागले.