ऊन दाखवलेली बाटली

बायको जाऊन अकरा महिने झाले होते आणि मुलाने त्याच्या साहेबाला शुक्रवारी दुपारी जेवायला बोलावलं. मी म्हटलं, अरे, वर्ष तरी सरू दे. तर म्हणाला, बाबा, प्रमोशनचा प्रश्न आहे, आणि तुमची ती इटलीची बाटली उघडू, तेवढीच एक पाजण्यासारखी वस्तू आपल्या घरात आहे. मला तिथेच किळस आली. पण मस्कतमधला फ्लॅट त्याचा, मी राहतो त्याच्या व्हिसावर. म्हटलं, उघड.

बाटली कुठली ते सांगतो. मी चौथी शिकलेला आचारी. इथे ओमानातच दुक्मला रिफायनरीच्या कामावर एक इटालियन इंजिनिअर होता, त्याच्या बंगल्यावर मी सहा वर्षं रांधलं. माणूस एकटा आणि तिरसट, पण खाण्यापिण्यातलं त्याला कळायचं. परवाना काढून तो आपल्या मुलखातली लाल वाइन आणायचा, वीस-वीस वर्षं जुनी. तिचे लाड किती! बाटली आडवी झोपवायची. प्यायच्या दोन दिवस आधी उभी करायची, म्हणजे गाळ खाली बसतो. बूच सकाळी काढायचं आणि प्यायची दुपार उलटल्यावर. आईबापाचं एवढं कुणी करत नाही.

एकदा त्याने दोन बोटं माझ्या ग्लासात ओतली. रंग धड लाल नाही, कडेला विटकरी. वास घेतला आणि वाटलं, ही बिघडली. ओला पाचोळा, तंबाखूची डबी, आणि त्याच्या मागून कुठूनसा सुकलेला गुलाब. घोट घेतला तर कच्ची सुपारी चघळल्यासारखी जीभ आवळली. मी तोंड वाकडं केलं. तो म्हणाला, थांब जरा. मी जाऊन भांडी घासली, तासाभराने तोच ग्लास उचलला, तर आतली वस्तूच पालटलेली. आवळणं गेलेलं. आंबटपणा होता, पण आमसुलासारखा, तोंडाला पाणी सुटावं असा. गिळल्यावरही चव जाईना. मला दारूतलं कळत नाही, लोणच्यातलं कळतं. मीठ वेगळं, तिखट वेगळं लागतं तोवर लोणचं कच्चं. सगळं एकमेकांत गेलं की मुरलं. ही तशी मुरलेली होती. बाकी दारू मी कामगारांच्या कॅम्पात जन्मभर पाहिली, तिच्या ओकाऱ्या धुतल्या. हात जोडावेत अशी ही एकच.

काम संपलं तेव्हा जाताना त्याने मला एक बाटली दिली. म्हणाला, अजून पाच वर्षं ठेव. अंधारात, गार जागी, आडवी. मग बायकोबरोबर पी.

मी मुलाकडे राहायला आलो. बायको गावाहून आली. तिच्या हातात बाटली दिली आणि एवढंच बोललो, ही मुरत ठेवायची आहे. अंधार, गारवा, काही सांगितलं नाही. मला लांबण लावायची सवय नाही.

तिने मग आपल्या बायका मुरायच्या वस्तूचं जे करतात तेच केलं. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात पापड आणायला मी गच्चीवर गेलो. लोणच्याच्या बरण्यांना फडकी बांधून ओळीने ठेवलेल्या, आणि त्यांच्या शेजारी ती बाटली, तिच्याही तोंडाला फडकं. मस्कतचं ऊन. फरशीवर पाय ठरत नव्हता. तोवर तिचं दुखणं निघालेलं होतं, तरी तीन जिने चढून ती वर आली होती. मला म्हणाली, "अहो, गेल्या वर्षीपण दाखवलं होतं हं ऊन. बघा, बुचातून कशी पाझरतेय. मुरली ना?"

जन्मभर मी तिच्या हातच्या जेवणाला नावं ठेवली. मीठ जास्त, फोडणी करपली, भात गिचका. स्वतः आचारी ना मी. त्या दिवशी म्हणालो, "मुरली."

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली.

मुलाला आधीच सांगता आलं असतं की बाटली वाया गेलीय. पण मग त्याने विचारलं असतं, कशाने? आणि जेवणाच्या टेबलावर तिच्या नावाने हसणं मला नको होतं. बाकी त्याच्या प्रमोशनचं काय व्हायचं ते होवो.

साहेब आला, पुण्याचा. आधी बाटलीबरोबर स्वतःचा फोटो काढला, मागे भिंतीवर हार घातलेली माझी बायको. मग ग्लासात नाक खुपसायच्या आधीच सांगायला लागला, जुन्या वाइनला चामड्याचा वास येतो, मातीचा येतो, अळंब्यांचा येतो. इटलीला गेलो होतो तेव्हा असं आणि तसं. मुलगा माना डोलावत होता. स्वतःच्या बापासमोर इतकी मान त्याने कधी हलवली नाही.

बूच अर्धं वर आलेलंच होतं, चिकट. ओतली तर रंग चहाचा. साहेबाने तोंडात घेतली, गाल फुगवले, आणि कागदी रुमालात थुंकला. तो ओला बोळा ठेवला कुठे, तर खिरीच्या वाटीला टेकवून.

म्हणाला, "शिजलीय ही. उन्हात ठेवली होती का कोणी?"

सुनेने माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं. गच्चीची किल्ली तीच द्यायची सासूला.

"मी ठेवली," मी म्हणालो. "लोणच्याला ऊन दाखवतात तशी."

साहेब खुर्चीत मागे रेलून हसला. "काका, लोणचं! हे मी ऑफिसात सांगणार." मुलगा त्याच्याहून मोठ्याने हसला. मी दोघांची तोंडं बघत बसलो, दातांत कोथिंबीर अडकलेली. मग माझा ग्लास उचलला. करपलेला गूळ आणि शिळ्या चिंचेचा कोळ. घाण. तरी संपवला.

साहेब गेल्यावर मुलाने उरलेली बाटली मोरीत उपडी केली. कानापर्यंत लाल झाला होता.

"जन्म गेला तुमचा स्वयंपाकघरात, आणि एवढी अक्कल नाही, बाबा? आई असती तर तिने हे होऊ दिलं नसतं."

"नसतंच दिलं," मी म्हणालो.

सून ग्लास विसळत होती. तिने मान वर केली नाही.