समजल्याची पोचपावती

इस्पितळाच्या औषधभांडारात एकतीस वर्षं काढलेल्या स्टोअरकाकांचा एकच हट्ट: खोका उघडून बघितल्याशिवाय पोचपावतीवर सही नाही. गाडीवाला बाहेर कितीही बोंबलो. निवृत्तीनंतर ते बायकोसोबत वाचनालयातल्या वेदान्ताच्या वर्गाला जाऊ लागले, तेव्हा हट्टही सोबत गेला.

वर्ग घेणारे सर निवृत्त प्राध्यापक, शिस्तीचे. हजेरीपटात शेवटचा रकाना: 'आजचा भाग समजला – होय/नाही'. तेवीस जण 'होय' लिहून चहाकडे वळत. काका अकरा शनिवार 'नाही' लिहीत आले. मन आणि वाणी जिथून रिकाम्या हातांनी परततात ते ब्रह्म, असं सर सांगत आणि लगेच फळ्यावर बाण काढून त्याच ब्रह्माचे चार भाग पाडत. काकांना ऐकायला फार आवडे. शनिवारची ते आठवडाभर वाट बघत. पण समजलं नव्हतं, ते नव्हतंच.

बाराव्या शनिवारी बघतात तर अकराही 'नाही'वर व्हाइटनर फासून 'होय' लिहिलेलं! काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे कुणी केलं?"

"मीच," सर म्हणाले. "अहवाल छापायचाय. तुमच्या एकट्यामुळे वर्ग कच्चा दिसतो."

"माल मिळाला नाही, आणि माझ्या नावानं पोच देता?"

"काका, ब्रह्म म्हणजे काय खोकल्याचं औषध आहे?" मागून कुणीतरी टोमणा मारला. हशा पिकला.

"खोकल्याच्या औषधाला खोटी सही केली नाही, ती इथं करू? विचार पोचत नाही म्हणता, आणि अकरा शनिवारांत सगळ्यांना समजलं? कमाल आहे!"

बायकोनं बाही ओढली. "अहो, राहू द्या ना. दोन अक्षरं तर आहेत."

"खाडाखोड केलीत, तर पुढच्या वेळी येऊ नका," सरांनी बजावलं.

काकांनी पेन काढलं. अकरा ठिकाणी 'होय' खोडून 'नाही' लिहिलं. प्रत्येकापुढे तारीख, आद्याक्षरं. सगळ्यांचा चहा निवला.

पुढच्या शनिवारी बायको एकटीच आत गेली. काका बाहेर सायकलींपाशी उभे राहिले, धुमसत. आत सर नम्रतेची पाच लक्षणं सांगत होते. काकांनी तोंड वाकडं केलं, पण अर्धवट उघड्या खिडकीशेजारी कान भिंतीला लावला.

आतून बायकोनं खिडकीचं दार पूर्ण उघडलं.