सोमवारपर्यंतचा आजार

रिसोडला कृषी केंद्रात कामाला होतो तेव्हाची गोष्ट. लग्न व्हायचं होतं. कंपनीच्या ट्रेनिंगला पुण्याला गेलो, तिथे एका जुन्या मैत्रिणीकडे दोन दिवस राहिलो आणि परतल्यावर महिनाभरात छातीवर लाल पुटकुळ्या आल्या. मोबाईलवर शोधलं. मोबाईलने घामोळ्यांपासून सुरुवात केली आणि पाचव्या मिनिटाला एड्सवर आणून सोडलं.

गावातल्या दवाखान्यात जायची सोय नव्हती. तिथला कंपाउंडर रोज आईकडून मेथी घ्यायचा. एसटीने वाशीम गाठलं. सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडमनी दार लावलं आणि सरळ विचारलं, "जोडीदार किती?"

"एक."

"खरं सांगा. इथं कोणी रागवत नाही."

"एकच, मॅडम." हा आकडा इतका लहान आहे याचीही मला लाज वाटली.

रक्त घेतलं. मधे सुट्ट्या होत्या, रिपोर्ट सोमवारी.

ते चार दिवस मी संतासारखा वागलो. ताट, पेला, टॉवेल वेगळा केला. ताटातून काही पसरत नाही हे मॅडमनी दोनदा सांगितलं होतं. पण मला त्यागच करायचा होता. दुकानात शेतकऱ्यांना सोयाबीनवरच्या रोगाची लक्षणं सांगताना, पानांवर ठिपके, वाढ खुंटते, मी हळूच शर्टाच्या आत डोकावायचो.

आई म्हणाली, "काहून रे, येगळं ताट कायले? पाव्हना हायेस काय?" मग जवळ बसून हळूच, "पोरगी पसंत केली असंल तं सांग. असा सुकून कायले राह्यला?"

सोमवारी त्या खोलीबाहेरच्या बाकावर आमच्या गावातलेच एक पुढारी बसले होते. पोरींच्या हातात मोबाईल देऊ नका, असं ते दर ग्रामसभेत सांगायचे.

"तू काहून आला?"

"रक्तगट पाहाले."

"मी बी."

त्यांचा रक्तगट दरवर्षी रक्तदान शिबिराच्या बॅनरवर त्यांच्या फोटोखाली छापलेला असायचा. दोघांनी समोरच्या भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर मन लावून वाचलं.

रिपोर्टमध्ये काही निघालं नाही. "तीन महिन्यांनी एकदा पुन्हा तपासा," मॅडम म्हणाल्या. पुटकुळ्या डॉक्टरांनी पाहिल्या. घामोळ्याच होत्या.

स्टँडवर येऊन मी मैत्रिणीला फोन लावला. माझे चार दिवस कसे गेले ते सविस्तर, जरा फुगवूनच सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मी तपासून आले मागेच," ती म्हणाली. "माझंही काही नाही."

"मग मले सांगितलं काहून नाही?"

"तू विचारलंस का? चार दिवस तू मनात मलाच दोष देत होतास ना? तुझ्याकडून मला काही झालं असतं तर, हे एकदा तरी डोक्यात आलं?"

आलं नव्हतं. एकदाही नाही. मी म्हणालो, "इथं ऊन लय हाये."

"असेल," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.