सोनमचं झाड आणि बाळाबाईचा राब

बाळाबाईचा राब बघायला माणसं वाट वाकडी करून येतात, असं रिहे गावात म्हणतात. म्हणजे बाळाबाईच म्हणते. पण ते अगदीच खोटं नाही. भाताची रोपं ज्या वाफ्यात टाकायची, त्यावर वाळल्या फांद्या, शेण, पालापाचोळा अंथरायचा आणि वैशाखात तो भाजायचा, याला राब म्हणतात. राब नीट भाजला की रोप तरारून येतं. कच्चा राहिला की भात बाजूला आणि तणच माजतं. बाळाबाईच्या वाफ्यात कुणी तण शोधून दाखवावं! पौष लागला की कोयता बाईच्या हाताला चिकटायचा, तो माघ सरेपर्यंत सुटायचा नाही. ऐन म्हणा, किंजळ म्हणा, बांधावरची निरगुडी म्हणा, समोर आलं ते छाटायचं, मोळी बांधायची आणि वाफ्याशी नेऊन टाकायची. "हिच्यापुढं लई वेळ उभं ऱ्हाऊ नये," असं शेजारचे हैबतराव म्हणायचे, "वाळलंय समजून मोळीत बांधंल."

बाई तोंडाची फटकळ. विकास रांगत होता तेव्हाच नवरा गेला. त्यानंतर शेती, पोर, भावकी सगळं तिनं जिभेच्या जोरावर सांभाळलं. पोटात काही ठेवायचं नाही, जे असेल ते तोंडावर फेकायचं आणि मोकळं व्हायचं. त्यामुळे तिची एक पक्की समजूत झाली होती, की जो बोलत नाही त्याला काही दुखत नाही. आता या समजुतीला काय म्हणावं? पण सगळं आयुष्य तिच्यावर काढलेलं, ती अशी सहज कशी सुटावी!

आणि अशा बाईच्या नशिबी सून आली ती सोनम. विकास लवासातल्या एका हॉटेलात गाडी चालवायचा, सोनम तिथंच कामाला होती. पोरगी गढवालची, हिमालयाच्या कुशीतल्या एका गावची. तिच्या बापाला हे लग्न पसंत नव्हतं. तो लग्नाला आला नाही आणि त्यानंतरही कधी इकडं फिरकला नाही. बाळाबाईनं मात्र एकदा पोरीला वरून खाली न्याहाळलं, "भात लावता येतो का?" विचारलं, आणि येतो म्हटल्यावर उंबऱ्यावरचं माप ओलांडायला लावलं. सोनम मराठी शिकली, तीसुद्धा सासूचीच मराठी. पण बोलायची थोडं. काहीही विचारा, तिचं आपलं एकच, "असू दे आत्या." बाळाबाई गावभर सांगायची, सून मिळावी तर अशी, कशाचं म्हणून गाऱ्हाणं नाही.

पहिल्यांदा माहेरी जाऊन येताना सोनमनं ओल्या गोणपाटात गुंडाळून एका झाडाचं खोड आणलं होतं. तिच्या घरामागच्या उतारावरचं. ते तिनं वाफ्याशेजारच्या बांधावर लावलं. त्याला समोरासमोर पानं यायची, हाताला खरखरीत, मांजराची जीभ लागावी तशी. खोडाची साल पापुद्र्यांनी सुटायची आणि काडी मोडली तर आतून पोकळ. तिकडं त्याला पांढऱ्या फुलांचे घोस लागतात म्हणे. इकडं वर्षामागून वर्षं गेली, पावसाळ्यात फोक सरसरून वर यायचे, पण फुलाचं नाव नाही. "माती मानवली न्हाई त्याला," असं बाळाबाईनं सांगून टाकलं. सोनम म्हणाली, "असू दे आत्या."

कार्तिकातली गोष्ट. सोनम अंगणात फोनवर बापाशी बोलत होती आणि बाळाबाई पडवीत पावटे सोलत बसली होती. टीव्हीच्या कृपेनं बाईला हिंदी कळायचं, हे सोनमला ठाऊक होतं, पण त्या वेळी ध्यानात नसावं. "बहुत फूलता है, बाबूजी. पूरी मेड़ सफेद हो जाती है." झाड फुलतं? सगळा बांध पांढरा होतो? बाळाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग तिकडून बाप काहीतरी बोलला आणि सोनमचा चेहरा खर्रकन उतरला. चैत्रात गावची जत्रा असते तेव्हा येतो, म्हणाला. मुलीचं घर बघायचंय आणि ते झाडही.

बाळाबाई रात्रभर चुळबुळत होती. जो माणूस लग्नाला आला नाही तो आता येणार. पोरगी सुखात आहे का, हे तो तिला विचारायचा नाही. झाड बघून ठरवेल. आणि पोरीनं खोटं सांगितलं होतं ते काही स्वतःसाठी नव्हे, सासरची अब्रू झाकायला. झाड फुललं नाही तर बापापुढं ती खोटी पडणार. सकाळी उठून बाईनं झाडाच्या बुडाशी दोन पाट्या शेणखत घातलं, एक डहाळी मोडून पदराखाली घेतली आणि सुनेला "बाजारात चाल्ले" सांगून भुकूमची एसटी धरली.

भुकूमला रस्त्याच्या कडेला फहमिदाची नर्सरी आहे. नवीन सोसायट्यांच्या बाल्कन्यांना कुंड्या पुरवते. फहमिदानं डहाळी उलटीपालटी केली, काडीच्या पोकळीत डोकावली, मग पानाची खालची बाजू मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठी करून बाळाबाईपुढं धरली. पानावर बारीक केस होते आणि एकेक केस चांदणीसारखा फाकलेला. "ते निळ्या गेंदांचं हायड्रेंजिया असतं ना मावशी, त्याच्याच घराण्यातलं आहे हे. डॉइट्झिया म्हणतात. थंड मुलखातलं. पण तुमच्या खोऱ्यात थंडी बरी पडते, थोडं तरी फुलायला हवं." मग तिनं विचारलं, "हिवाळ्यात छाटता का त्याला?"

"छ्या! छाटतंय कोन? राबाला तोडतो तेवढंच."

फहमिदाला हसू आवरेना. बाळाबाईच्या कपाळावर आठी चढली तशी ती सावरली आणि तिनं समजावून सांगितलं. गुलाब नव्या फुटीवर फुलतो, म्हणून त्याला छाटावं तेवढा तो खूष. हे झाड उलट्या चालीचं. पावसाळ्यात जो फोक वाढतो त्याच्याच डोळ्यांत पुढच्या वर्षाचं फूल हिवाळाभर झोपलेलं असतं. तो जुना फोक राहिला तरच फूल. "छाटायचं तर फुलून गेल्यावर लगेच. माघात तोडता म्हणजे तुम्ही फूलच तोडता, मावशी. दरवर्षी राबात जाळताय."

परतीच्या एसटीत बाळाबाई खिडकीला डोकं लावून बसली. माती बिचारी उगाच बदनाम झाली. आणि पोरीला हे ठाऊक नसेल? जन्म त्या झाडापाशी गेला तिचा. डोळ्यांदेखत आपण कोयता चालवत होतो आणि ती मोळी बांधायला हात लावत होती. एका शब्दानं बोलली नाही. बाईला स्वतःचा राग आला आणि त्याहून जास्त सुनेचा आला. घरी येऊन तिनं दोघींपैकी कुणालाच काही सांगितलं नाही, म्हणजे ना सुनेला ना स्वतःला.

पौष गेला. बाळाबाईनं सगळा बांध साफ केला, ते एक झाड तेवढं सोडलं. सोनमनं बघितलं, नवल केलं असेल, पण विचारलं नाही. माघात एका सकाळी बाई निरगुडीवर कोयता चालवत होती आणि पलीकडच्या बांधावर हैबतराव जत्रेचं पुराण लावून बसले होते. यंदा भंडाऱ्याला लापशी करायची की बुंदी, यावर दोघांची जुंपली. बुंदीत गावाची हौस आणि लापशीत गावाची लाज, असं हैबतरावांचं म्हणणं. बाळाबाईनं त्यांचे सगळे मुद्दे एकेक करून कापले. तोंड चालू, हातही चालू. हैबतराव मध्येच थांबले आणि नुसते बोट दाखवत राहिले. बाईनं खाली बघितलं. पायाशी खरखरीत पानांच्या फांद्या पडल्या होत्या. अर्धं झाड बोडकं झालं होतं.

बाळाबाईनं कोयता लांब फेकला. जन्माची सवय, हाताला कोण सांगणार! एवढ्यात भाकरी घेऊन सोनम आली. तिनं झाड बघितलं, पडलेल्या फांद्या बघितल्या. क्षणभर वाटलं, आता ही ओरडेल. बाळाबाई मनातून म्हणत होती, ओरड बाई, हाण मला. पण सोनमनं वाकून फांद्या गोळा केल्या. "असू दे आत्या. राबाला लागतंच."

"असू दे काय असू दे!" बाळाबाई अशी कडाडली की हैबतराव हळूच तिथून सटकले. सोनम मोळी घेऊन वाफ्याकडं गेली आणि बाळाबाईनं भाकरीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी विकासकडून तिनं उरलेल्या झाडाभोवती काट्यांचं कुंपण घालून घेतलं. कुणापासून राखायचं, असं त्यानं विचारलं. "माज्यापासनं," ती म्हणाली.

चैत्रात उरलेल्या अर्ध्या झाडावर कळ्या आल्या. फार नाही. पण जत्रेच्या आदल्या दिवशी त्या उमलल्या, पाच पाकळ्यांची पांढरी स्वच्छ फुलं, घोसाघोसानं. विकासनं काटे काढून वाट केली. संध्याकाळी पाहुणे आले. उंच, वाळका म्हातारा, डोक्याला गोल टोपी. पाणी घेतलं आणि कुणी सांगायच्या आत बांधाकडं चालू लागला.

झाडापाशी तो थांबला. फुलांना हात लावला नाही. वाकून बुडख्यावरचे कापल्याचे वण अंगठ्यानं चाचपले, एकावर एक, वर्षावर वर्षं. रानातला माणूस तो, त्याला काय सांगायला हवं? "हर साल फूलता है?" त्यानं लेकीला विचारलं.

"हर साल, बाबूजी," सोनम म्हणाली. मान खाली.

"खोटं बोलतीया," बाळाबाई म्हणाली. विकासनं "आई, गप" म्हटलं, पण ती कुठली गप बसायला! होतं नव्हतं तेवढं हिंदी तिनं गोळा केलं. "हर साल मैं काटती. जलाती भी मैंच. ये कुछ बोलती नही."

म्हातारा बाळाबाईवर चिडला नाही. तो लेकीकडं वळला. घरी शेजाऱ्यांच्या बकऱ्या झाडापाशी आल्या तर दगड घेऊन धावणारी तू, या लग्नासाठी माझ्याशीही भांडलीस. इथं तुझी जीभ कुणी नेली, असं त्यानं विचारलं.

सोनमच्या डोळ्यांत पाणी आलं. "किसी ने नहीं. घर इनका है, बाबूजी. मैं कैसे रोकती?"

घर इनका है. माप ओलांडलं त्या दिवसापासून हे घर पोरीचंच, असं बाळाबाई धरून चालली होती. तेवढं एक तोंडानं बोलायचं राहिलं होतं, एरवी सगळं बोलणाऱ्या बाईचं. मग पाहुण्याच्या हातात काहीतरी द्यावं म्हणून तिनं सगळ्यांत भरलेल्या घोसाला हात घातला.

सोनमनं तिचं मनगट धरलं.

"न्हाई आत्या. तोडायचं न्हाई. झाडावरच ऱ्हाईल त्ये."

विकासनं मान खाली घातली; आता आभाळ कोसळणार, याची त्याला खात्री होती. म्हाताराही दचकून एकदा लेकीकडं, एकदा विहीणबाईकडं बघू लागला. सोनमनं मनगट सोडलं नाही. बाळाबाईनं घोस सोडला.

"बघितलं का पाव्हणं," ती म्हणाली, "घर कुनाचं हाय त्ये?"

आणि डोळ्यांना पदर लावत, कुणाकडं न बघता, ती चहा टाकायला गेली.