आधी पुसणाऱ्याले विचार

बातमी आली आणि लगेच पुसली गेली.

मी तुमसरच्या आमच्या शाळेत होतो. संगणकाच्या खोलीतलं एक जुनं यंत्र सुरू होत नव्हतं, म्हणून टेबलाखाली शिरून वायरी तपासत होतो. फोन वाजला. संस्थेच्या ग्रुपवर संदेश होता, 'मायताई रामटेके गेल्या...' मी तो पुरता वाचलाही नव्हता, तोच तो डोळ्यांसमोरून नाहीसा झाला आणि त्या जागी 'हा संदेश पुसला आहे' अशी राखाडी ओळ उरली. त्या ओळीकडे पाहत मी टेबलाखालीच बसून राहिलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला आनंद झाला. चूक झाली असेल. कोणी तरी घाईत लिहिलं असेल, मग तसं नाही हे कळलं असेल, म्हणून पुसलं असेल... आता नागपूरच्या दवाखान्यातून ताईंचा फोन येईल आणि त्या म्हणतील, "काहून रे, जितेपणीच मारून टाकलं का मले तुम्ही लोकाईनं?" तेवढ्यात संदेश पुन्हा आला. पहिल्यात 'माया'मधला दुसरा काना राहून गेला होता. तो दुरुस्त केला होता, एवढंच.

तेव्हापासून मला नीट बसता येत नाही. खुर्चीत टेकलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठे जायचं ते सुचत नाही. लिहून काढलं तर थोडं थांबेल, असं एकाने सुचवलं, म्हणून लिहितो आहे.

आमची संस्था भंडारा जिल्ह्यात काही शाळा आणि एक महाविद्यालय चालवते. सगळ्या शिक्षकांचं लिखाण, निकाल, पत्रं, मुलांचे फोटो, बैठकांच्या नोंदी हे सगळं एकाच सामायिक व्यवस्थेत असतं. एका शाळेत कोणी लिहायचं, दुसऱ्या शाळेत कोणी उघडायचं, तिसऱ्याने दुरुस्त करायचं. त्यामुळे एखाद्याने पुसलेली फाइल सगळ्यांकडूनच जाते. काही दिवस ती कचरापेटीत राहते, नंतर तिथूनही जाते. मग उरतो तो फक्त बॅकअप, म्हणजे रोजच्या रोज वेगळीकडे ठेवली जाणारी प्रत. त्यातून नेमकी हरवलेली तेवढीच फाइल शोधून परत आणायची, हे मायाताईंचं काम. मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा मला हे काम अगदी सोपं वाटलं होतं. कालची प्रत आहे ना, मग टाका सगळी परत! ताईंनी टेबलावरची एक लोखंडी नळी उचलून माझ्या समोर धरली. एका टोकाला निमुळती, आतून पोकळ.

"हे का आहे, सांग."

अड्याळच्या बाजारात मी ती लहानपणापासून पाहिली होती. "परखी. धानाच्या पोत्यात खुपसतात."

"पोतं खोलते का व्यापारी?"

"नाही."

"उलटं करते?"

"नाही. नुसती खुपसून मूठभर दाणे काढते."

"हां. मंग एका दाण्यासाठी तू काहून पूर्ण पोतं उलटं करून राहिला? कालचं सगळं आजच्यावर टाकशील, तं आज सकाळपासून लोकाईनं जे लिहिलं त्याचं का होईन?"

त्यांचे वडील तुमसरच्या राईस मिलमध्ये हमाल होते. परखी त्यांचीच. ताई त्यांच्या घरातल्या पहिल्या पदवीधर, लग्नानंतर जवाहरनगरला राहायला आलेल्या. मीही माझ्या घरातला पहिलाच. हे कळल्यावर त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो संगणकाचा नव्हता. "घरी समजते का, तू का करतो ते?" मी नाही म्हटलं. तर एका रविवारी त्या मुलीला घेऊन सरळ अड्याळला आमच्या घरी आल्या. माझ्या आईजवळ खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, तुमचा पोरगा लोकाईचं हरवलेलं शोधून देते." आई लगेच म्हणाली, "मंग पोळ्याच्या दिवशी माही बकरी गेली, ते शोधून दे म्हणा त्याले." ताई गंभीर चेहरा करून म्हणाल्या, "बकरीचा बॅकअप घेतला होता का, मावशी?" आईला काही कळलं नाही, पण ताईंना हसू आवरेना म्हणून तीही हसत सुटली. त्या दिवसापासून माझी आई माझ्या नोकरीला 'बकरीचं काम' म्हणते.

नागपूरला एका प्रशिक्षणात मी दिवसभर गप्प बसून होतो. शहरातल्या मुलांसमोर बोलायला तोंड उघडत नव्हतं. दुपारी ताईंनी डबा उघडता उघडता विचारलं, "मले-तुले म्हणाची लाज वाटते का? कॉम्प्युटरले वाटत नाही. तो तं पुस म्हटलं तं पुसते, ठेव म्हटलं तं ठेवते." त्या दुपारी मी उभा राहून माझ्या बोलीतच प्रश्न विचारला. आज वर्तमानपत्राच्या या पुरवणीसाठी चार ओळी लिहायची हिंमत होते, तिची सुरुवात तिथली आहे.

त्यांची कामाची एक रीत होती. कोणी फाइल मागायला आलं की त्या आधी विचारायच्या, "कोणं पुसली?" व्यवस्थेत प्रत्येक फाइलसोबत पुसणाऱ्याचं नाव राहतं. ते पाहून त्या त्याला फोन करायच्या आणि त्यानंतरच यंत्राला हात लावायच्या. मला हा वेळेचा अपव्यय वाटायचा. मग ते 'कचरा' प्रकरण झालं. अड्याळच्या शाळेतल्या मुलांनी धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, निंदण करणाऱ्या बायांकडून तणांची नावं गोळा केली होती. कुठलं तण ओढून काढायचं, कुठलं खुडून भाजीला न्यायचं, सारं बायांच्याच आवाजात. आमच्याकडे धानातल्या तणाला कचराच म्हणतात. मुलांनी फोल्डरला तेच नाव दिलं. भंडाऱ्याच्या कार्यालयातल्या बोंद्रे बाबूंना जागा मोकळी करायचा आदेश होता. त्यांना हे फोल्डर दिसलं आणि त्यांनी ते पुसून टाकलं. ते कळेपर्यंत कचरापेटीही रिकामी झाली होती. ताईंनी फोन केला तर बाबू उसळले. "म्याडम, वरतं कचरा लिहून होतं! मंग का आरती कराची होती त्याची?"

ताई हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बेतात. "नाही बाबूजी, तुमचं बरोबर आहे. आता परत आणू का?"

"आणा ना. पन नाव बदलवा."

"नाव नाही बदलत. बायांचा शब्द आहे तो."

ती सगळी ध्वनिमुद्रणं ताईंनी एकेक करून काढली. आधी त्यांनीच बनवलेल्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली, ऐकून पाहिली, मग शाळेला दिली. त्या मधल्या फोल्डरचं नाव त्यांनी 'परखी' ठेवलं होतं. त्यात काहीही राहता कामा नये, हा त्यांचा शिरस्ता. ज्याचं त्याला दिलं की संध्याकाळी परखी रिकामी.

पण पुसणाऱ्याला विचारायचं ते केवळ सौजन्य म्हणून नव्हतं, हे मला नंतर समजलं. एका शाळेतल्या तरुण शिक्षिकेने सामायिक फोल्डरमध्ये मुख्याध्यापकांविरुद्ध तक्रार लिहिली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच पुसली. मुख्याध्यापकांना कुठून तरी सुगावा लागला. त्यांनी ताईंना ती फाइल परत आणायला सांगितलं. ताईंनी त्या मुलीला फोन केला. ती घाबरून म्हणाली, "नको ताई." ताईंनी मुख्याध्यापकांना सांगितलं, "सर, जिनं लिहिली तिनंच पुसली. नाही मिळणार."

"तुमच्या मशीनमध्ये नाही का?"

"मशीनमध्ये आहे, सर. माझ्या हातात नाही."

ते गेल्यावर मी विचारलं, "ताई, अन् पुसणाराच नसला तं? मेला-गेला तं कोणाले विचाराचं?" ताईंनी परखी उचलली, एका डोळ्याला लावली आणि तिच्यातून माझ्याकडे रोखून पाहिलं. काही तरी बोलणार होत्या. तेवढ्यात फोन वाजला. कुठल्याशा शाळेचे निकाल उघडत नव्हते. त्यात दुपार गेली आणि उत्तर राहून गेलं. मीही पुन्हा विचारलं नाही... कशाला विचारतो माणूस?

ताई गेल्यावर दोन आठवड्यांनी त्यांच्या मुलीचा, श्रुतीचा फोन आला. ती नागपूरला शिकते. "पवनदादा, आईनं माझ्यासाठी काही तरी रेकॉर्ड करून ठेवलं होतं. दवाखान्यात असताना तिच्या फोल्डरमध्ये मले दिसलं होतं. 'श्रुतीसाठी' असं नाव होतं. मी म्हटलं, आता नाही ऐकत. ऐकलं तं तिचं जाणं खरं होऊन जाईन... आता पाहते तं नाहीच आहे. बॅकअपमध्ये असन ना?"

असेल, म्हटलं. आणि फाइल होतीच. नाव, तारीख, आकार, सगळं समोर. नावाखाली पुसणाऱ्याचं नाव होतं, माया रामटेके. दवाखान्यातूनच पुसली होती.

मी यंत्र बंद करून बाहेर आलो. चहाच्या टपरीपर्यंत गेलो, चहा न घेताच परतलो. पुढचे कितीतरी दिवस असेच गेले. रिस्टोअरचं बटण दाबायला काही लागत नाही. पण ज्या बाईने मला दुसऱ्याच्या पुसलेल्या गोष्टीला न विचारता हात लावायचा नाही हे शिकवलं, तिच्याच पुसलेल्या गोष्टीत मी नळी खुपसायची? तिने त्यात काय सांगितलं असेल आणि मग नको वाटलं असेल? रागाचं काही असेल? दुखण्याचं? उलट, श्रुतीला नाही म्हणायचा मला तरी काय अधिकार? त्यात संस्थेचा नियम असा की गेलेल्या माणसाचं खातं महिनाअखेरीस बंद करायचं. खातं गेलं की त्याच्या प्रतीही जातात. बोंद्रे बाबू कागद घेऊन आले. "पवन, म्याडमचं खातं बंद कराची वेळ आली. करू का?"

"थांबा, बाबूजी."

"थांबतो. पाह्य, यावेळेस विचारून राहिलो मी. न विचारता नाही पुसत आता." आणि त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून उगाच पुसला.

शेवटी मी श्रुतीला कार्यालयात बोलावलं आणि खरं ते सांगितलं. "फाइल आहे. पण ती आईनं स्वतःच पुसली आहे. आता तिले विचारता येत नाही, म्हणून तुले विचारतो."

ती एकदम चिडली. "मले कायले विचारता? तिनं पुसली, तुम्ही शोधली, अन् ठरवाचं मीच?" तिने टेबलावरची परखी उचलली, हातात फिरवली, परत ठेवली. मग म्हणाली, "काढा."

मी तेवढीच एक फाइल काढली, परखी फोल्डरमध्ये ठेवली आणि न उघडता तिच्या फोनवर पाठवली. कानाला फोन लावून ती खिडकीशी उभी राहिली. मी बाहेर जायला निघालो तर तिने हातानेच बस म्हटलं. तिची पाठ हलत होती. रडते आहे असं वाटलं. ती वळली तेव्हा हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"दादा, यात काहीच नाही आहे. 'श्रुती, ऐक' म्हणते अन् खोकते. पुन्हा 'श्रुती, ऐक' म्हणते. मंग एक बाई विचारते, चहा घेता का, तं तिले म्हणते, 'आता नको, लेकीसंग बोलून राहिली.' अन् शेवटी म्हणते, 'जाऊ दे. हे बरोबर नाही झालं. उद्या करते.'"

एवढंच. तो 'उद्या' आलाच नाही, किंवा आला तेव्हा ताईंच्या अंगात बोलायचं बळ नव्हतं.

"बरोबर झालेलं कायले पाहिजे मले?" श्रुती म्हणाली. "'लेकीसंग बोलून राहिली' म्हणते ना ती. बस झालं."

जाताना मी तिला परखी देऊ केली. आजोबांची आहे, घेऊन जा म्हटलं. तिने मान हलवली. "घरी कोणतं पोतं आहे? राहू द्या इथंच."

मी बरोबर केलं का? अजून ठरवता येत नाही. ताईंनी पुसली, कारण त्यांना दुसरी, चांगली करायची होती. बिघडलेली वस्तू कोणाच्या हाती देणं त्यांना आवडायचं नाही. त्या असत्या तर नाहीच म्हणाल्या असत्या, असं सकाळी वाटतं. दुपारी वाटतं, परखी डोळ्याला लावून त्या मला हेच सांगणार होत्या, की मागे उरलेल्याला विचार... आणि मी पुन्हा खुर्चीतून उठतो.

त्या संध्याकाळी श्रुती गेल्यावर परखी फोल्डर उघडलं. आत ती एकच फाइल होती. शिरस्त्याप्रमाणे फोल्डर रिकामं करायचं होतं. श्रुतीकडे तिची प्रत पोचली होती, तिने दोनदा खात्री करून सांगितलं होतं. तरी बोट पुढे जाईना. मला ऐकायची होती ती. एकदाच. तो खोकला, ते 'श्रुती, ऐक', त्यात माझं काही नव्हतं तरीही... मी ऐकली नाही. पुसायचं बटण दाबलं. व्यवस्थेने नेहमीप्रमाणे विचारलं, नक्की? मी हो म्हटलं.

आता त्या फाइलच्या नोंदीत ताईंच्या नावाखाली माझं नाव आहे. महिनाअखेरीस खातं बंद होईल तेव्हा तेही जाईल. तोवर कोणी येऊन "कोणं पुसली?" असं विचारलंच, तर सांगायला मी इथे आहे. परखी तिच्या जागेवर ठेवली, ताई ठेवायच्या तशी, निमुळतं टोक भिंतीकडे, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला लागू नये.