पुढच्या वर्षीचा पहिला पिक

हेमचंद्र बिवलकरांचा खेळ वाईट आहे असं म्हटलं तर ते चिडायचे, आणि चांगला आहे असं म्हटलं तर बाकीचे हसायचे. ते हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत अकाउंट्स बघत. टॅम्पिनीसला आमच्या ब्लॉकखालच्या कोर्टवर आम्हा परदेशातल्या मराठी मंडळींची बास्केटबॉल लीग सुरू झाली, तेव्हा आम्हाला रविवारी घाम गाळून हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर जेवायला बसायचं होतं, एवढंच. बिवलकरांना मात्र नियम हवे होते. त्यांनी इंटरनेटवर अमेरिकेतल्या लीगचे नियम वाचून काढले आणि आमच्या चार टीमच्या लीगला ड्राफ्ट लावला.

ड्राफ्ट म्हणजे दरवर्षी येणाऱ्या नव्या खेळाडूंची वाटणी. जी टीम शेवटची येईल ती सगळ्यांत आधी निवडणार. हा तिचा पहिला पिक, म्हणजे निवडीचा पहिला हक्क. तो दुसऱ्या टीमला देऊन बदल्यात तयार खेळाडू घेता येई. पुढच्या वर्षीचा पिकही देता येई. फक्त लागोपाठ दोन वर्षांचे पहिले पिक द्यायचे नाहीत. कॅप्टनला मोह होतो आणि टीम धुळीला मिळते, असं ते समजावून सांगत. जेवण थंड होत असल्यामुळे आम्ही माना डोलवायचो.

मोह झाला तो आमच्या टॅम्पिनीस टीमच्या कॅप्टनला, म्हणजे त्यांनाच. मरीन परेड टीमचा कॅप्टन सारंग याच्याकडे क्षितिज नावाचा ताडमाड इंजिनीयर होता, पुण्याहून नुकताच आलेला. आमचा पुढच्या ड्राफ्टचा, म्हणजे २००६चा, पहिला पिक देऊन बिवलकरांनी त्याला आमच्यात आणलं. काही रविवार आम्ही रुबाबात जिंकलो. मग कंपनीने क्षितिजला परत पुण्याला बोलावलं आणि आम्ही शेवटून पहिले आलो.

ड्राफ्टच्या दिवशी नव्यांची नावं पुकारायला बिवलकर उभे राहिले आणि एका नावाशी थांबले. वल्लरी बिवलकर. त्यांची मुलगी. लीगच्या अटीप्रमाणे नुकतीच अठरा पूर्ण झालेली, शाळेच्या टीममध्ये नाव काढलेली. तिने घरी न सांगता नाव दिलं होतं. सात महिन्यांनी ती शिकायला मेलबर्नला जाणार होती. बाप-लेकीत बोलणं असं उरलंच नव्हतं. ते मराठीत काही विचारत, ती इंग्रजीत एका शब्दात उत्तर देऊन खोलीचं दार लावून घेई. आज ती कोर्टच्या कडेला उभी राहून त्यांच्याकडे बघून हसत होती.

पहिला पिक आता सारंगचा होता. त्याने वल्लरीला घेतलं. दुसऱ्या कुणाला घेतलं असतं तर त्याच्या टीमने त्याला जिवंत सोडलं नसतं.

वल्लरीचं हसू गेलं. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बट यू ऑल केम लास्ट, बाबा. लास्ट टीम चूझेस फर्स्ट, राइट? दॅट्स व्हाय आय जॉइन्ड."

सारंग वाईट माणूस नव्हे. तो म्हणाला की पुढच्या वर्षीचा पहिला पिक द्या आणि मुलीला घेऊन जा. आमच्याकडे द्यायला दुसरं होतं तरी काय? मी? पण यंदाचा पिक गेलेला, पुढचाही दिला तर लागोपाठ दोन झाले. सगळे म्हणाले, जाऊ द्या हो, एवढ्या वेळेला अपवाद करू. बिवलकरांच्या चेहऱ्यावर आशा दिसली. तेवढ्यात तिसऱ्या टीमची कॅप्टन राधिका शांतपणे म्हणाली, "गेल्या वर्षी मुकुलच्या वेळी तुम्ही अपवाद केला नाहीत, बिवलकर." मुकुल तिचा नवरा. तो अजूनही दुसऱ्याच टीममधून खेळत होता.

बिवलकरांनी नकारार्थी मान हलवली आणि पुढच्या टीमचं नाव पुकारलं. मला त्यांचा भयंकर राग आला आणि तितकीच कीवही.

त्या सीझनमध्ये बिवलकरांच्या हातून वल्लरीचे रविवार तर गेलेच, शनिवारही सरावासाठी मरीन परेडला गेले. आमच्याविरुद्धच्या मॅचमध्ये तिला अडवण्याचं काम बिवलकरांकडे आलं. ती त्यांच्या बाजूने सहज निघून जायची आणि ते दोन्ही हात पसरून तसेच उभे राहायचे. एकदा तिने मुद्दाम पाय आवरला, तर तेच तिच्यावर ओरडले, नीट खेळ म्हणून. त्यानंतर तिने पाय आवरला नाही. जुलैत ती गेली.

डिसेंबरात पुन्हा ड्राफ्ट आला. आम्ही पुन्हा शेवटचे होतो, आणि यंदाचा पिक नियमाने आमच्याकडेच सुखरूप राहिला होता. "टॅम्पिनीस, पहिला पिक," बिवलकरांनी स्वतःच पुकारलं. समोर नवी मंडळी ओळीने उभी होती. कुणाला घ्यायचं, असं मी विचारलं.

"घ्या कुणालाही," ते म्हणाले.